पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र : पॅरिस, १७९४



आजचा विषय ऐकून काहींनी आम्हाला आधीच विचारलं की, तत्त्वज्ञानाचा माणूस इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या केमिस्ट्रीवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की, तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी आम्ही एक वर्ष इंजिनिअरिंगला होतो. साधारण १९६०च्या दशकाची अखेर. स्लाइड रूल, ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन सायकलवरून कॉलेजला जायचं, वर्कशॉपमध्ये कानस घासून हात सोलून घ्यायचे, आणि आठवड्यातून एक दुपार केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काढायची. त्या दुपारी आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असे : "पूल बांधणाऱ्याला केमिस्ट्री कशाला?" आजही पहिल्या वर्षाची मुलं हाच प्रश्न विचारतात. पुस्तक जाड, मार्क तुटपुंजे आणि दुसऱ्या वर्षी विषय गायब. मग पाठ करा, पेपर लिहा आणि विसरा.

या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे. ते शोधायला आपल्याला २३० वर्षं मागे, पॅरिसला जावं लागेल. पण त्याआधी आमच्या लॅबमधली एक दुपार सांगतो. व्याख्यानाच्या शेवटी आपण तिथेच परत येणार आहोत.

प्रयोग होता पाण्याचा कठीणपणा काढण्याचा. इंजिनिअरिंगला गेलेल्या प्रत्येकाने हा केलेला असतो. नळाचं पाणी पिपेटने मोजून शंकूच्या आकाराच्या चंबूत घ्यायचं, अमोनियाचं बफर टाकायचं, त्याच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं, मग इंडिकेटरची चिमूट. पाणी दारूसारखं लाल होतं. वरून ब्युरेटमधून ई.डी.टी.ए.चं द्रावण थेंबथेंब सोडायचं. लाल जाऊन निळा आला की थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं. किती द्रावण लागलं त्यावरून पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, याचा हिशोब.

आमच्याकडे मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स होती. उत्तर साधारण किती यायला हवं ते ठाऊक होतं. त्या दुपारी मात्र ब्युरेट रिकामी होत आली तरी लाल रंग हटेना. आम्हाला वाटलं, आपलंच चुकलं. द्रावण पातळ झालं असेल, पिपेट नीट धुतली नसेल. शेजारच्या टेबलावर तीच गत. मग इंजिनिअरिंगचा विद्यार्थी जे करतो ते आम्ही केलं. रीडिंग जुळवलं. तीस जणांच्या जर्नलमध्ये मागच्या वर्षीचं उत्तर, पाच-दहा इकडेतिकडे करून, सुवाच्य अक्षरात उतरलं.

सरांनी एकेक जर्नल पाहिलं. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "आज सकाळी होस्टेलमध्ये अंघोळीला साबणाला फेस आला का?"

आला नव्हता. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, आणि आठवडाभर कॉलेजला धरणाच्या पाण्याऐवजी विहिरीचं पाणी येत होतं. सकाळी त्याच पाण्याला आम्ही शिव्या घातल्या होत्या आणि दुपारी त्याच पाण्याला लेखी दाखला दिला होता की ते मऊ आहे. सर म्हणाले, "मग हे आकडे तुम्हाला कुठून कळले?" एवढं बोलून ते पुढच्या बॅचकडे गेले.

आता हे इथेच ठेवू आणि पॅरिसला जाऊ.

१७९३ चं साल. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झालेली, राजाचा शिरच्छेद झालेला, आणि युरोपातल्या बहुतेक राजवटींशी युद्ध चाललेलं. युद्धाला तोफेची दारू लागते. तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो, उरलेला गंधक आणि कोळसा. गंधक, कोळसा मिळवता येतो. अडतं ते सोऱ्याशी. आणि त्या काळी जगातला उत्तम आणि मुबलक सोरा येत होता तो आपल्या बिहारमधून. पाटण्याचा सोरा. प्लासीनंतर त्यावर इंग्रजांचा ताबा, आणि समुद्रावरही इंग्रजांचाच. म्हणजे फ्रान्सला सोरा घरातच काढणं भाग होतं.

घरातच, हे शब्दशः. जुन्या तळघरांत, गोठ्यांत, तबेल्यांत, ओलसर भिंतींच्या बुडाशी सोरा आपोआप तयार होतो. आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा धरतो, त्यातला काही भाग याच जातीचा. डिसेंबर १७९३ मध्ये हुकूम निघाला की, नागरिकांनी आपापल्या तळघरांतली आणि तबेल्यांतली माती धुऊन सोरा काढावा. पण लोकांना ते येणार कसं? म्हणून फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसला एक वर्ग भरला. देशभरातल्या प्रत्येक जिल्ह्यातून दोन-दोन माणसं बोलावली. मुदत एक महिना. शिकवायला कोण? तर गितों द मोर्व्हो, फुरक्र्वा, बेर्तोले, मोंज. युरोपातले पहिल्या रांगेतले वैज्ञानिक, आणि समोर बसलेले बरेचसे तोफखान्यातले धडधाकट गडी. एका महिन्यात त्यांना सोरा शुद्ध करणं, दारू बनवणं आणि तोफा ओतणं शिकवून गावोगाव परत पाठवलं.

या कृतीतली रासायनिक गोम ऐका, कारण तिचा आमच्या लॅबशी संबंध आहे. मातीतून धुऊन निघणारा सोरा बराचसा कॅल्शियमचा असतो. तो हवेतली ओल ओढून घेतो, त्याची दारू ओलसर होते, पेट घेत नाही. म्हणून त्या पाण्यात लाकडाची राख कालवायची. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. कॅल्शियम चुनखडीसारखं तळाला बसतं आणि वर उरतो तो पोटॅशियमचा, कोरडा राहणारा सोरा. कठीण पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की पाणी मऊ होतं, त्यातही कॅल्शियम असंच तळाला बसवलेलं असतं. एकच युक्ती, एकदा तोफेसाठी आणि एकदा कपड्यांसाठी. राख किती टाकायची हे न समजणाऱ्याची दारू ऐनवेळी फुसकी निघणार. तिथे पाठांतर उपयोगाचं नव्हतं, कारण दर तळघराची माती वेगळी होती.

याच वर्षात आणखी दोन घटना घडल्या. त्या शेजारीशेजारी ठेवूनच पाहाव्या लागतात.

पहिली, ८ मे १७९४. लाव्हाझिएचा शिरच्छेद. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून आपण ज्याचं नाव पाठ करतो तो हा माणूस. १७७५ पासून तो सरकारच्या दारूगोळा खात्याच्या कारभारात होता, त्याची प्रयोगशाळाही पॅरिसच्या शस्त्रागारातच होती. सोऱ्याचं उत्पादन सुधारण्यात त्याचा मोठा हात होता. पण तो राजाच्या काळातल्या करवसुलीच्या मक्त्यातलाही भागीदार होता, आणि त्या मक्तेदारांबरोबरच त्याला गिलोटिनवर नेलं. एका दिवसात २८ जण. फुरक्र्वा आणि गितों त्याचे सहकारी होते. त्यांच्या हाती त्या वेळी राजकीय वजन होतं. त्यांनी त्याला वाचवलं नाही. वाचवता आलं असतं का, हा वाद आजवर मिटलेला नाही. रसायनशास्त्राचा इतिहास सांगताना हे गाळून पुढे जाणं आम्हाला जमत नाही.

दुसरी घटना त्याच वर्षाच्या डिसेंबरातली. एक नवी शाळा उघडली, सार्वजनिक बांधकामांची मध्यवर्ती शाळा. पुढच्याच वर्षी तिचं नाव झालं एकोल पॉलितेक्निक. पूल, रस्ते, किल्ले, खाणी, जहाजं यांसाठी इंजिनिअर घडवणारी शाळा. देशभर प्रवेशपरीक्षा झाल्या, सुमारे ४०० मुलं निवडली गेली. वय १६ ते २०. म्हणजे आपल्या एफ.ई.च्या मुलांएवढीच. शिक्षण फुकट, वर सरकारकडून पगार. आणि मोंज वगैरे मंडळींनी अभ्यासक्रम ठरवताना त्याचे दोन खांब केले. एका बाजूला गणित आणि रेखन भूमिती, दुसऱ्या बाजूला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. रसायनशास्त्राला भरघोस वेळ दिला. शिकवायला पुन्हा तेच : फुरक्र्वा, बेर्तोले, गितों. नवी गोष्ट अशी की, प्रयोग गुरुजींनी करायचा आणि मुलांनी बाकावरून बघायचा, ही रीत मोडून मुलांनी स्वतः गटागटाने प्रयोगशाळेत काम करावं असं ठरलं.

तो हिवाळा भयंकर होता. पॅरिसमध्ये पावाचा तुटवडा, सरपणाचा तुटवडा. अशा थंडीत सोळा-सतरा वर्षांची मुलं भट्ट्यांपुढे उभी राहून क्षार ओळखायला शिकत होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीचा आपल्या ओळखीचा चेहरा आम्हाला प्रथम दिसतो तो इथे.

तर "इंजिनिअरला केमिस्ट्री कशाला" याचं पहिलं उत्तर एवढं सरळ आहे. ज्यांनी हा अभ्यासक्रम आखला ते नुकतेच सोऱ्याच्या मातीतून उठून आले होते. पदार्थ न ओळखणारा इंजिनिअर देशाला किती महाग पडतो हे त्यांनी पाहिलं होतं. ३१ ऑगस्ट १७९४ ला पॅरिसजवळच्या ग्रेनेलचा दारूचा कारखाना उडाला, शेकडो माणसं मेली. तिथल्या दारूच्या उत्पादनाची जबाबदारी शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. नायट्रोजनला त्याचं नाव देणारा हाच शाप्ताल, आणि नाव कशावरून दिलं? सोऱ्यावरून. आपल्या 'नत्र' या शब्दात तोच ध्वनी ऐकू येतो.

नावांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या विषयाकडे थोडं वळू.

१७८९ मध्ये, म्हणजे क्रांतीच्याच वर्षी, लाव्हाझिएचं प्राथमिक रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. नवशिक्यांसाठीचं पुस्तक. आणि त्याची प्रस्तावना सुरू होते ती कोंदियाक या तत्त्वज्ञापासून! विषय भाषेचा. लाव्हाझिएचं म्हणणं थोडक्यात असं : वस्तुस्थिती, तिच्याविषयीची कल्पना आणि ती सांगणारा शब्द, ही तीन एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. शब्द गबाळा असेल तर विचारही गबाळा होतो. म्हणून दोनच वर्षांपूर्वी, १७८७ मध्ये, लाव्हाझिए, गितों, बेर्तोले आणि फुरक्र्वा या चौघांनी मिळून पदार्थांची नावंच बदलून टाकली होती. पूर्वी नाव ऐकून पदार्थात काय आहे ते कळत नसे. आता नावातच घटक आले.

याच पुस्तकात मूलद्रव्याची व्याख्या आहे. मूलद्रव्य म्हणजे जगाचं अंतिम बीज वगैरे नव्हे. ज्याचं आणखी विघटन आजवर आपल्याला करता आलेलं नाही, ते आजपुरतं मूलद्रव्य. 'आजपुरतं' हा शब्द आमचा, पण अर्थ त्याचा. त्याच्या यादीत ३३ नावं आहेत. त्यांत प्रकाश आहे, उष्णता आहे आणि चुनाही आहे. चुना हे मूलद्रव्य नसावं अशी शंका त्याला होती, पण फोडता येत नव्हता म्हणून त्याने तो यादीत ठेवला. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून धातू वेगळा केला. तेच कॅल्शियम, ज्याने आमच्या बॅचची ब्युरेट रिकामी केली.

आणि नावात चूकही गोठून राहू शकते. 'ऑक्सिजन' म्हणजे ग्रीकमध्ये आम्ल जन्माला घालणारा. लाव्हाझिएला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात तो असणारच. डेव्हीने १८१० मध्ये दाखवलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, आणि मिठापासून निघणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. कल्पना गेली, नाव राहिलं. बंगालीने त्याचं 'अम्लजान' केलं, म्हणजे शब्दाबरोबर चूकही भाषांतरित झाली. मराठीने 'प्राणवायू' म्हटलं आणि त्या चुकीतून सुटली, पण मग श्वासापलीकडे हा वायू लोखंड गंजवतो, लाकूड जाळतो, हे त्या नावातून कळेनासं झालं. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी १९व्या शतकात मराठीतून रसायनशास्त्र लिहायला घेतलं तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच असणार. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक पारिभाषिक शब्द हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे सांगितलं तर तो शब्द पाठ करण्याआधी क्षणभर थांबेल.

आता ब्युरेटकडे येऊ. तुम्हाला वाटत असेल, हे काचेचं उपकरण कुठल्याशा विद्यापीठात जन्मलं. नाही. बेर्तोलेने १७८५ च्या सुमारास दाखवलं की क्लोरीनने कापड पांढरं करता येतं. पूर्वी कापड आठवडेच्या आठवडे उन्हात हिरवळीवर पसरावं लागे. कारखानदार खूश झाले. पण अडचण आली. द्रावण कडक झालं तर कापड कुजतं, सौम्य झालं तर पिवळं राहतं. रूआं या कापडाच्या गावात देक्र्वाझिय नावाच्या रसायनकाराने १७९०च्या दशकात तोड काढली. निळीचं ठरावीक द्रावण घ्यायचं, आणि तिचा निळा रंग जायला क्लोरीनचं पाणी किती मापं लागतं ते खुणा केलेल्या नळीत मोजायचं. रंग गेला की थांबा आणि मोजा. झालं टायट्रेशन. धोब्याच्या गरजेतून.

पुढे १७९७ मध्ये एकोल पॉलितेक्निकमध्ये गे-ल्युसाक नावाचा विद्यार्थी दाखल झाला. आला होता इंजिनिअर व्हायला. तिथून तो पूल आणि रस्त्यांच्या शाळेतही गेला. पण बेर्तोलेने त्याला आपला मदतनीस म्हणून घेतलं आणि तो रसायनशास्त्राचाच झाला. याच गे-ल्युसाकने १८२४ मध्ये क्लोरीनच्या मोजमापावर लिहिताना दोन शब्द वापरात आणले : पिपेट आणि ब्युरेट. ब्युरेट म्हणजे मुळात तेला-दारूची लहानशी सुरई. पुढे टांकसाळीतल्या चांदीचा कस काढायला त्याने हीच पद्धत लावली, आणि शतकानुशतकं चालत आलेली भट्टीची रीत मागे पडली.

त्याच गे-ल्युसाककडे पॅरिसमध्ये एक जर्मन तरुण शिकला, लीबिग. त्याने १८२४ पासून गीसेन या छोट्या गावी विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा चालवली. तिथून ही रीत हॉफमनमार्फत १८४५ मध्ये लंडनला गेली. गंमत म्हणजे खुद्द पॅरिसच्या त्या शाळेत लाप्लासच्या प्रभावाखाली गणिताचं वजन वाढत गेलं आणि प्रयोगशाळा मागे पडली. आमच्या पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी माणसं तयार करणारी शाळा १८५४ मध्ये सुरू झाली, ती इंग्रजी गरजेतून आणि इंग्रजी वळणाने. पण पुढे आमच्या कॉलेजांच्या टेबलांवर जी ब्युरेट उभी राहिली, तिच्या मागे ही एवढी वाट आहे. इंजिनिअर व्हायला आलेल्या एका मुलाने तिचं बारसं केलं, आणि ती फिरून इंजिनिअर व्हायला आलेल्या मुलांच्या हातात पडली. आम्ही तिच्यात काय केलं? रीडिंग जुळवलं.

हाच आमच्या मते प्रश्नाच्या उत्तराचा दुसरा, जास्त महत्त्वाचा भाग. ब्युरेट जन्मली ती "मला वाटतं" आणि "मी मोजलं" यांतला फरक करण्यासाठी. रूआंचा कापडवाला विद्वान नव्हता, पण उत्तर आधी ठरवून रंग बघणं त्याला परवडत नव्हतं. त्याचं कापड कुजलं असतं. आमचं काय कुजणार होतं? जर्नलवर सही मिळाली की काम झालं. परीक्षा फक्त मार्कांची असली की खोटं फुकट मिळतं, आणि फुकट मिळालेली सवय माणूस पुढे नोकरीवर घेऊन जातो.

आमच्या त्या बॅचमधला एक मित्र पुढे साखर कारखान्यात बॉयलरवर लागला. बॉयलरच्या नळ्यांत कठीण पाण्याचा थर बसतो. थरातून उष्णता नीट जात नाही, मग नळीचं लोखंड आतून पाणी असूनही तापत राहतं, मऊ पडतं, फुगतं आणि एक दिवस फुटतं. म्हणून पाण्याची रोज तपासणी करून आकडा वहीत लिहायचा असतो. मित्र रुजू झाला आणि त्याने वही उघडली. महिनाभराचे आकडे, एकाच पेनाने, जवळजवळ सारखे. त्याने आम्हाला नंतर सांगितलं, "वही बघितली आणि मला आपलीच जर्नल्स दिसली." त्याने स्वतः पाणी तपासलं, आकडा वेगळाच आला. गाळप ऐन भरात, बॉयलर थांबवायचा म्हणजे शिव्या खायच्या. त्याने त्या खाल्ल्या. बॉयलर गार करून उघडला तेव्हा दोन नळ्या फुगलेल्या निघाल्या. कुणाला इजा झाली नाही, म्हणून त्याची कुठे बातमीही झाली नाही.

आम्ही दुसऱ्या वर्षी वाट बदलली. घरी मोठा गदारोळ झाला, तो आजचा विषय नाही. ज्ञान आणि नुसतं मत यांत फरक काय, या प्रश्नावर पुढे आम्ही प्लेटोपासून सुरुवात करून बरीच वर्षं काढली, पीएच.डी. केली, पोरांना शिकवलं. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न आम्हाला कुठल्या ग्रंथात प्रथम भेटला नाही. अमोनियाच्या वासात, तीस खोट्या जर्नल्सपुढे उभं असताना भेटला : हे तुम्हाला कुठून कळलं?

त्या दुपारी सर गेल्यावर आम्ही काय केलं, ते सांगायचं राहिलं. ब्युरेट पुन्हा भरली. लाल रंग जाईपर्यंत तीन वेळा भरावी लागली. जर्नलमधला जुना आकडा एका रेघेने खोडला आणि शेजारी नवा लिहिला. सरांनी सही केली ती खोडलेल्या आकड्यासकट.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.